ब गटातलं स्थळ

"तुमचा ट्रॅक उलटा आहे," पंच इनामदार म्हणाले.

"ट्रॅक सुलटाच हाय," म्हादबा गुरव म्हणाला. "तुमी उलटं हुबारलायसा."

इनामदार साहेबांच्या एका हातात हिरवा झेंडा होता, दुसऱ्या हातात चहाचा कप. त्यांच्यासमोर चार मोटरसायकली धडधडत होत्या आणि त्यातल्या एकीवर मी होतो, हेल्मेट घालून, उन्हात शिजत. आमच्या कुरणवाडीत हंगामातला पहिला सामना होता, समोर आंबेवळणचा संघ होता आणि झेंडा पडायच्या ऐवजी चर्चा सुरू झाली होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "ही शर्यत डावीकडे वळत जाते. साऱ्या जगात तशीच होते. चार फेऱ्या, डावीकडे."

"जगात मधी म्हसोबा असतोय काय?"

साहेबांनी वळून बघितलं. लांबोळक्या ट्रॅकच्या बरोबर मध्ये, कडुलिंबाखाली, शेंदूर फासलेला म्हसोबा बसला होता. ट्रॅक त्याच्याभोवती आखला होता, कारण गावात सपाट जागा तेवढीच होती आणि ती त्याची होती.

"देव उजव्या हाताला धरून फिरायचं असतंय," म्हादबा समजावणीच्या सुरात म्हणाला. "डाव्या हाताला धरून सरणाला फेरी घालत्यात. तुमी म्हणतायसा तशा चार फेऱ्या मारल्या, तर म्हसोबाला चारदा जाळल्यागत हुईल."

"मग देव जरा बाजूला घेता येईल का?"

नेमकी त्याच वेळी एक गाडी फटकन बंद पडली. प्लगवर तेल चढलं होतं, पुसलं की चालू होणारं दुखणं. पण सगळ्या गावानं इनामदार साहेबांकडं असं बघितलं की त्यांनी कप खाली ठेवला, टोपी काढली आणि म्हसोबाला हात जोडले.

आंबेवळणचे मॅनेजर हिंदुराव मोरबाळे तरातरा चालत आले. "पंचसाहेब, ही मानसं देवाच्या आडून शर्यत जिंकाय बघत्यात!"

"मग तुमी घाला की उलटी फेरी, अण्णा," म्हादबा म्हणाला. "आमी बगतो."

हिंदुराव अण्णांचं आंबेवळणात गॅरेज होतं आणि उदबत्ती ओवाळल्याशिवाय ते हवेचा पंपसुद्धा चालू करत नसत. त्यांनी म्हसोबाकडं बघितलं, चपला काढल्या, पाया पडले आणि आपल्या गड्यांना म्हणाले, "जावा उजवीकडनं. काय हुतंय ते बगू."

झालं ते असं. या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक नसतो. तो आमच्या गरिबीचा भाग नव्हता, नियमच तसा आहे. वळणावर मागचं चाक घसरवत न्यायचं आणि गाडी आपसूक वळते. डावीकडं घसरायची सवय असलेले आंबेवळणचे दोन्ही गडी पहिल्या वळणावर सवयीनं डावीकडं कलले आणि सरळ उसात गेले. एक जण लगेच सापडला. दुसरा चार हाका मारल्यावर भलत्याच बांधावरून "ओ" देऊ लागला. आम्ही दोघं आरामात फेऱ्या पूर्ण करून, म्हसोबाला नमस्कार करून, उसाशी जाऊन उभे राहिलो तरी तो बाहेर आला नव्हता.

हातात पाना घेतलेली एक मुलगी बांधावर उभी राहून पोट धरून हसत होती. ती हिंदुराव अण्णांची मुलगी, वैजयंता. आपल्याच संघाची फजिती बघून इतकं मोकळं हसणारं माणूस मी आजवर दुसरं बघितलेलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चार जिल्ह्यांतल्या गावांची ती मातीवरची मोटरसायकल लीग आज कुणाच्या लक्षातही नसेल. तिचे दोन गट होते. अ गटात शहरातले संघ, बाहेरून मागवलेल्या गाड्या, पांढरे बूट आणि बँडबाजा. ब गटात आम्ही. हंगामाच्या शेवटी ब गटातला पहिला संघ वर जायचा, बाकीचे जिथल्या तिथं. मी, आनंदा चौगले, कुरणवाडीचा पहिल्या नंबरचा गडी होतो, आणि कुरणवाडीचा पहिला नंबर म्हणजे काय, हे उसातल्या माणसाला विचारावं.

वैजूचं आणि माझं जमलं ते माझ्या येझदीच्या क्लचमुळं. क्लच खरोखर एकदाच बिघडला होता. पुढं तो मी बिघडवत राहिलो.

"आनंदा," एक दिवस ती क्लचची तुटकी तार माझ्यापुढं धरून म्हणाली, "येकच तार किती डाव तोडशील? जरा दुसरं कायतरी मोड. मलाबी शिकाय मिळंल."

त्यानंतर लपवण्यासारखं काही राहिलं नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले, म्हणून वडीलधारा माणूस म्हणून म्हादबाला घेऊन मी अण्णांच्या गॅरेजात गेलो. अण्णा रॉकेलनं हात धूत होते.

म्हादबानं घराणं सांगितलं, शेत सांगितलं, दारातली म्हैस सांगितली. अण्णा मान डोलवत होते.

"सगळं चांगलं हाय," ते म्हणाले. "पोरगा कुठल्या गटात?"

"आता अण्णा, तुमास्नी म्हायती न्हाई व्हय?"

"तोंडानं सांगा."

"ब गटात."

"मग जमायचं न्हाई. ब गटातल्या पोराला पोरगी द्यायची न्हाई."

"पर अण्णा," मी न राहवून म्हणालो, "तुमीबी ब गटातच हायसा की."

"म्हणून तर म्हणतोय. तितं कसली मानसं असत्यात ते मला चांगलं म्हायती हाय." त्यांनी हात पुसले. "वर जाऊन दावा. कुरणवाडी अ गटात गेली की त्याच सांजच्याला साखरपुडा. न्हाई गेली तर इषय बंद."

वर जाणार होता एकच संघ, आणि स्वतः अण्णांना आंबेवळण वर न्यायचं होतं. म्हणजे जावई हवा तर त्यांनी हरायला हवं होतं, आणि ते जिंकले तर पोरगी घरात. हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, देव जाणे. बोलताना त्यांचा चेहरा मात्र अगदी प्रसन्न होता. आतल्या बाजूला वैजू एका वाकड्या रिमवर हातोडा घालत होती, आणि आमचं बोलणं जसजसं पुढं गेलं तसतसा तिचा हातोडा जोरात पडायला लागला.

निघताना मी तिला हळूच म्हणालो, "काळजी करू नगोस. जिंकतो मी."

"आदी डावीकडं वळाय शिक," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं. घरच्या मैदानावर आम्हाला कुणी हात लावू शकत नव्हतं. पाहुणे यायचे, म्हसोबाच्या पाया पडायचे आणि उसात जायचे. पण बाहेर गेलो की आमची दशा व्हायची. उजवीकडं वळून वळून हातापायांना तेवढंच ठाऊक. पहिल्याच बाहेरच्या सामन्यात मी डावीकडच्या वळणावर उजवीकडं गेलो, दोर तोडला आणि मांडवात शिरलो. तिथं पंगत बसली होती. मी आमटीच्या पातेल्यापाशी थांबलो. थांबलो म्हणजे पातेल्यानं थांबवलं. पुढच्या गावात एका सत्कारमूर्तींच्या मांडीवर उतरलो. हंगाम मध्यावर आला आणि आम्ही तक्त्यात मधोमध लटकत राहिलो. रात्री झोप लागेना. डोळे मिटले की वैजू दुसऱ्याच कुणाच्या मागं गाडीवर बसून चाललेली दिसायची, आणि तो कोणी अ गटातला, पांढऱ्या बुटांचा असायचा.

शेवटी म्हादबानं गाव जमवलं.

"आपल्याला घरात यश येतंय, भाईर येत न्हाई," तो म्हणाला. "का? घरात देव हाय, भाईर न्हाई. मग देवालाच संगं न्यायचा."

"म्हसोबाला उपटायचं?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"उपटतोय कशाला? त्याच्या पायाजवळचा धोंडा घ्यायचा, शेंदूर लावायचा, त्यात देवाला बोलवायचं. चला, कौल लावतो."

त्यानं म्हसोबाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. बऱ्याच वेळानं उजवीकडचं फूल पडलं. आमच्या देवालाही उजवीकडचंच वळण होतं.

पुढच्या रविवारी टेंपोत घोंगडीवर देव बसला, आणि शेजारी म्हादबा. यजमानांच्या मैदानात पोचल्यावर त्यानं कुणाला काही न विचारता ट्रॅकच्या मध्यभागी धोंडा ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि हात झटकले. "आता फिरा कसं फिरायचं त्ये."

यजमान संघाचा मॅनेजर पंचांकडं धावला. इनामदार साहेबांनी खिशातली नियमावली काढली, पुढून मागं आणि मागून पुढं चाळली.

"नियमांत देवाबद्दल काही नाही," ते खिन्नपणे म्हणाले.

"मग त्यो धोंडा काढा!"

"तुम्ही काढता का?"

मॅनेजरनं धोंड्याकडं बघितलं. गावकऱ्यांनी मॅनेजरकडं बघितलं. मग सगळ्यांनी चपला काढल्या. त्या दिवशी यजमानांचे गडी स्वतःच्याच मैदानावरून स्वतःच्याच शाळेच्या कुंपणात गेले आणि आम्ही जिंकलो. त्यानंतर आम्ही हरलोच नाही. इनामदार साहेबसुद्धा पुढंपुढं घरून निघतानाच एक नारळ पिशवीत घेऊन येऊ लागले. कुणाला विचारलं तर म्हणायचे, "वेळ वाचतो."

असं करत करत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. आंबेवळणही जिद्दीनं जिंकत आलं होतं आणि दोघांचे गुण सारखे होते. सामना त्यांच्या मैदानावर. जो जिंकेल तो वर. कुरणवाडी जिंकली तर वैजू माझी, नाहीतर इषय बंद.

त्या महिन्यात वैजू फारशी भेटलीच नाही. एकदा बाजारात दिसली. कोपरापर्यंत सिमेंट लागलेलं होतं.

"काय बांधायलायसा?" मी विचारलं.

"आबांना इच्छा झाल्या," ती म्हणाली (अण्णांना ती आबा म्हणायची) आणि घाईघाईनं निघून गेली. हसू दाबल्यासारखा चेहरा होता तिचा.

सामन्याच्या सकाळी आमचा टेंपो आंबेवळणच्या मैदानात शिरला आणि म्हादबा घोंगडीवरून उठून उभा राहिला. ट्रॅकच्या मध्यभागी नवा कोरा चौथरा होता. त्यावर महादेवाची काळीभोर पिंड, समोर नंदी, बाजूला गोमुख. गोमुखातून पाण्याची धार पडत होती आणि ते पाणी एका पन्हाळीतून सरळ ट्रॅक कापून बाहेर शेतात जात होतं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून हिंदुराव अण्णा स्वागताला उभे होते.

"ह्ये कवा झालं?" म्हादबानं विचारलं.

"इच्छा झाली."

"प्रतिष्ठा?"

"रीतसर. भटजी बोलवून. लघुरुद्र केला."

म्हादबानं हातातला धोंडा बघितला, पिंड बघितली आणि धोंडा परत घोंगडीवर ठेवला. "थोरल्या देवाम्होरं धाकल्यानं बसायचं नसतंय," तो पडल्या आवाजात म्हणाला.

"काही हरकत नाही," इनामदार साहेब नारळ काढत म्हणाले. "देव उजव्या हाताला धरून चार फेऱ्या. आता मलाही सवय झाली आहे."

"न्हाई साहेब," अण्णा फार गोड आवाजात म्हणाले. "महादेवाला पुरी प्रदक्षिणा नसत्या. ह्ये पानी जातंय न्हवं, ह्ये सोमसूत्र. ते वलांडायचं न्हाई. नंदीपासनं निगायचं, उजवीकडनं पान्यापातूर जायाचं. तितनं माघारी फिरायचं, सगळं उलटं येऊन पान्याच्या दुसऱ्या काठापातूर जायाचं. पुन्ना माघारी फिरायचं आनि नंदीपाशी यायचं. ही झाली येक फेरी."

इनामदार साहेब म्हादबाकडं वळले. म्हादबानं जड मनानं मान हलवली. सगळं शास्त्राला धरून होतं.

"ब्रेक नसलेल्या गाड्यांवर?" साहेबांनी विचारलं.

"देवाच्या दारात ब्रेक कशाला?" अण्णा म्हणाले.

साहेब नंदीशेजारी मातीत बसले. "मी अ गटात नेमणूक मागितली होती," असं त्यांनी नंदीला सांगितल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. मग ते उठले आणि म्हणाले, "प्रत्येक शर्यत एकाच फेरीची होईल. चार केल्या तर हंगाम पुढच्या वर्षात जाईल."

तो दिवस मी विसरणं शक्य नाही. गाड्या जायच्या आणि परत यायच्या, आणि जाणारे येणाऱ्यांना आमनेसामने भेटायचे. कोण पुढं आणि कोण मागं, हे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळं टाळ्या अखंड पडत होत्या. आमचा एक गडी पाण्यापाशी वळलाच नाही, तो वरात गावातून बाहेर जावी तसा मैदानातून निघून गेला आणि पुढच्या स्टँडवरून एसटीनं परत आला. आंबेवळणचे गडी महिनाभर या माघारी फिरण्याचा सराव करत होते. सरावानं ते तरबेज झाले होते, पण शिल्लक थोडेच उरले होते. ज्याच्या त्याच्या गळ्यात प्लास्टरचा हात. पडत-धडपडत शेवटची शर्यत आली तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. शर्यतीला दोन्हीकडचे दोन-दोन गडी लागत. आंबेवळणकडं एकच धड उरला होता.

"एकानंच उतरा," इनामदार साहेब म्हणाले.

"मी बसणार," वैजू म्हणाली.

तिनं कमरेला पदर खोचावा तसा ओढणीचा फेटा आवळून बांधला होता. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग गर्दीकडं, मग टेबलावर ठेवलेल्या ढालीकडं. ढालीवर त्यांची नजर जरा जास्त रेंगाळली.

"हेल्मेट नीट बांध," ते म्हणाले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! देव पावला असं वाटलं. समोरच्या संघात वैजू, म्हणजे आपलंच माणूस. तिला फक्त पाण्यापाशी जरासं ढिलं सोडायचं होतं. मी तिच्याकडं बघून भुवया उडवल्या. तिनं गॉगल खाली ओढला.

झेंडा पडला. नंदीसमोरच तिचा जोडीदार आणि माझा जोडीदार एकमेकांत अडकले आणि तिथंच बसून भांडू लागले. राहिलो आम्ही दोघं. पाण्यापर्यंतचा रस्ता उजवीकडं वळत जाणारा, म्हणजे माझा हक्काचा. मी पुढं होतो, चांगला पुढं होतो. मागून तिच्या गाडीचा आवाज येत होता आणि माझ्या डोळ्यांपुढं साखरपुडा होता. पाणी जवळ आलं. मी गाडी आडवी टाकली. पण दिवसभर त्या पन्हाळीतून पाणी उडून काठाचा चिखल झाला होता. चाक सुटलं, मी काठावर बसकण मारली आणि माझी येझदी माझ्याशिवायच, ऐटीत, पाण्यावरून पलीकडं गेली आणि तिकडं जाऊन आडवी झाली.

"वलांडलं!" आंबेवळणकर ओरडले. "सोमसूत्र वलांडलं!"

"गड्यानं न्हाई, गाडीनं वलांडलं!" आमचे ओरडले.

वैजूला वाटेतच थांबायची खूण करत इनामदार साहेब पळत आले. "गुरव, पाप कुणाला लागतं?"

म्हादबानं माझे बूट कुठं आहेत ते वाकून बघितलं. "बसणारा अलीकडं हाय. पाप गाडीला."

प्रतिष्ठेला आलेल्या भटजींनीही ते मान्य केलं. फक्त गाडीला नंतर दुधाचा अभिषेक करावा, म्हणाले.

"मग शर्यत चालू!" साहेबांनी झेंडा हलवला.

चालू म्हणजे कशी? माझी गाडी हाताच्या अंतरावर पलीकडं पडलेली, आणि मधलं पाणी मला ओलांडता येत नव्हतं. तिच्यापर्यंत जायचा एकच रस्ता होता, सगळ्या महादेवाला उलटा वळसा. मी पळत सुटलो. अंगात जाड जाकीट, पायात लोखंडी तळाचा बूट, डोक्यावर हेल्मेट.

एवढ्यात वैजू पाण्यापाशी पोचली होती. अण्णांचं गॅरेज एका बंद बोळात होतं, शेवटी भिंत. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी ब्रेक जोडायच्या आधी ती त्या बोळात फिरवून बघायची आणि भिंतीपाशी आल्यावर जाग्यावर वळवायची, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. तेच तिनं इथं केलं. तव्यावरची भाकरी उलटावी तशी तिनं गाडी उलटवली आणि माघारी निघाली.

मी पळत होतो आणि ती मला मागं टाकून गेली. जाताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी हातानं "हळू, हळू" अशी खूण केली. तिनं मूठ पिळली आणि गाडी आणखी पळाली. मी धापा टाकत माझ्या येझदीपाशी पोचलो, तेव्हा ती दुसऱ्या काठावरून वळून नंदीपाशी पोचलीसुद्धा होती, आणि आंबेवळण अ गटात गेलं होतं.

लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बराच वेळ ढाल छातीशी धरून ते नाचले आणि मग त्यांना माझी आठवण झाली.

"आनंदा," ते माझ्यापाशी येऊन खरोखर वाईट वाटून म्हणाले, "पोरगा म्हणून तुझ्यात खोट न्हाई बग. पर बोललो त्ये बोललो."

मी चिखलात बसलो होतो. राग आला होता, लाज वाटत होती आणि रडू येत होतं, तिन्ही एकदम. टेंपोच्या मागं वैजू हेल्मेट काढून तोंड धूत होती. मी तिथं गेलो.

"तुला हारता आलं न्हाई?"

"आलं असतं की," ती म्हणाली. "पान्यापाशी जरा घसरायचं, की झालं."

"मग?"

तिनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि ओढणीनं पुसलं. "मग आबांनी मला तुझ्या हातात दिली असती. त्या ढालीसंगं. वर फोटो. जलमभर त्येच ऐकाय लागलं असतं, कुरणवाडीनं ढाल आनली आनि बायकू आनली."

मी बुटावरचा चिखल निपटू लागलो.

"हंगामभर तू जिंकायचं बोलतोयस आनि आबा जिंकायचं बोलत्यात," ती म्हणाली. तिनं ओढणी पिळून खांद्यावर टाकली. "मला काय पायजे, ह्ये दोगांतल्या येकानं तरी इचारलं का?"

"न्हाई."

"तू पायजेस. पर मला कुनी द्यायची न्हाई, आनंदा."

"आता कोन देतंय?" मी म्हणालो. "ब गटातल्या पोराला..."

"पोरगी द्यायची न्हाई, असं आबा म्हणाल्यात. पोरगा घ्यायचा न्हाई, असं म्हणाल्यात का?"

तिनं हेल्मेट उचलून काखेत मारलं.

"रविवारी घरात ऱ्हा," ती म्हणाली. "दाढी कर."

रविवारी आंबेवळणचा टेंपो आमच्या दारात येऊन उभा राहिला. अण्णा स्वतः चालवत होते. ते खाली उतरले नाहीत.

"मी पोरगी द्यायला आलो न्हाई," ते खिडकीतूनच आईला म्हणाले. "मी ड्रायव्हर हाय. ज्यांचं काम हाय ते मागं हाईत."

मागून वैजू उतरली, तिची आत्या उतरली आणि गळ्यात हात बांधलेला त्यांचा एक गडी उतरला. आई बावरली. कुणाला कुठं बसवायचं, आधी पाणी कुणी द्यायचं, काही कळेना. तिनं म्हादबाला बोलावणं धाडलं. म्हादबा आला, त्यानं क्षणभर विचार केला.

"बघाय आलेत ते खुर्चीवर," तो म्हणाला. "दावायचा हाय त्यो आत."

मला स्वयंपाकघरात धाडलं. आईनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला आणि कानात सांगितलं, "खाली बगून चाल." ब्रेक नसलेली गाडी सांभाळता येत होती, तो ट्रे सांभाळता येईना. निम्मा चहा बशीत गेला. मी कप देऊन पाटावर बसलो.

"शिक्षान किती?" आत्यांनी विचारलं.

"बारावी."

"स्वैपाक?"

"चहा मीच केलाय."

आत्यांनी घोट घेतला, वैजूकडं बघितलं. गळ्यात हात बांधलेला गडी म्हणाला, "साखर जास्त हाय." त्यावर आईचा जीव खालीवर झाला.

मग वैजू बोलली. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, आणि माझी नजर आपोआप पाटावर गेली.

"आता अ गटात मला गाडी चालवायची हाय. संगं मेकॅनिक लागंल. येनार?"

"येनार."

"मी हारल्यावरबी?"

"हारल्यावरबी."

"आनि जिंकल्यावर?"

याला मात्र मला वेळ लागला. ती गाडी वळवून मला मागं टाकून गेली तो क्षण पुन्हा आठवला. मी मान वर केली. तिनं हातातल्या चहाला अजून तोंडही लावलं नव्हतं.

"तवाबी येनार," मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. आत्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "बरं, आमी कळवतो."

बाहेर अण्णांनी हॉर्न वाजवला. मंडळी टेंपोत चढली. आई दारात उभी राहून बघत होती आणि मी भिंतीशी उभा होतो, घरातल्या पोरी उभ्या राहतात तसा. टेंपो सुरू झाला, थोडा पुढं गेला आणि थांबला. वैजू उडी मारून उतरली, पळत दारापर्यंत आली, माझ्या कानाशी एक शब्द बोलली आणि तशीच पळत माघारी गेली.

"काय म्हणाली रं?" आईनं विचारलं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"आई," मी म्हणालो, "पसंत पडलो."